शून्याने भागायला नेमकी मनाई कुणाची?

मागच्या अंकात जाता जाता मी लिहून गेले होते, ‘छेद शून्य नाही ना, हे आधी तपासा.’ वाचकांनी तीच ओळ धरली. टपालाचा निम्मा गठ्ठा शून्याचाच आहे, तेव्हा या वेळी बाकीच्या शंका बाजूला ठेवते. जागेसाठी पत्रांना थोडी कात्री लावली आहे, टोमणे मात्र तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : मी नववीत आहे. शून्याने भागता येत नाही असं सर सांगतात, पण का विचारलं की ‘नियम आहे’ म्हणतात. आधी आम्हाला लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही असं शिकवलं, मग ऋण संख्या आल्या आणि व्हायला लागली. ताई म्हणते, पुढे ऋण संख्येचं वर्गमूळही निघतं. मग १ ÷ ० साठी एखादी नवी संख्या का नाही काढत? की तीसुद्धा पुढच्या इयत्तेसाठी राखून ठेवली आहे?

नाही गं, कुठल्याच इयत्तेसाठी राखून ठेवलेली नाही. पण तुझी शंका रास्त आहे, आणि ‘नियम आहे’ हे काही तिचं उत्तर नव्हे. गणितात नियम वरून येत नाहीत. कुणीतरी काहीतरी करून बघतो, ते अंगाशी येतं, मग नियम होतो.

आधी भागाकार म्हणजे काय ते पक्कं करू. १२ ÷ ४ चं उत्तर ३ कशावरून? ३ × ४ = १२, यावरून. म्हणजे १२ ÷ ४ हा खरं तर गुणाकाराचाच प्रश्न आहे : कशाला ४ ने गुणलं की १२ येतील? आता १२ ÷ ० घे. कशाला शून्याने गुणलं की १२ येतील? कशालाच नाही. कुठलीही संख्या घे, शून्याने गुणलीस की शून्यच येणार. उत्तर लपून बसलंय आणि आपल्याला सापडत नाही, असं नाही. ते नाहीच.

० ÷ ० चं दुखणं याच्या अगदी उलट. कशाला शून्याने गुणलं की शून्य येईल? ७ चालतात, १०० चालतात, −३ चालतात. उत्तरांची रांग लागते आणि त्यातलं एकच निवडायला काही आधार नाही. एकीकडे उत्तराचा दुष्काळ, दुसरीकडे महापूर. पुस्तकात दोन्हींपुढे ‘अव्याख्यात’ हा एकच शब्द असतो, म्हणून मुलांना ही एकच गोष्ट वाटते. ती एक नाही, हे लक्षात ठेव. खालच्या एका पत्रात हा फरक उपयोगी पडणार आहे.

बारा वस्तू शून्य मुलांत कशा वाटणार, हे नेहमीचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही. अर्ध्या मुलालाही वस्तू वाटता येत नाहीत, तरी १२ ÷ १/२ चं उत्तर २४ येतंच. वाटणीने पटवलं की अपूर्णांकाशी ते पटवणं उलटतं.

त्याऐवजी एक यंत्र सांगते. आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत हाताने फिरवायची आकडेमोडीची यंत्रं होती. लोखंडी, जड, उजवीकडे दांडा. भागाकार करायचा तर भाज्य खालच्या पट्टीवर घ्यायचं, भाजक वरच्या खुंट्यांवर लावायचा आणि दांडा वजाबाकीच्या दिशेने फिरवत राहायचं. एका फेऱ्याला भाजक एकदा वजा. बाजूला फेरे मोजणारी वेगळी पट्टी. भाज्य शून्याखाली गेलं की घंटा वाजायची, मग एक फेरा उलटा घ्यायचा आणि फेऱ्यांच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा : तो भागाकार. खालच्या पट्टीवर जे उरलं ती बाकी. आता सगळ्या खुंट्या शून्यावर ठेवून बारांना भागायला घ्या. दांडा फिरतो, फेऱ्यांची पट्टी १, २, ३ करत वाढत जाते, खाली १२ तसेच. घंटा वाजतच नाही. पुढे विजेवर चालणारी यंत्रं आली. ती तर शून्याने भागायला घातली की थांबायचीच नाहीत, खडखडत राहायची. त्यांना मध्येच थांबवण्यासाठी वेगळी कळ असायची.

यात एक बारकावा आहे. ‘मग फेरे अनंत होतील, म्हणजे उत्तर अनंत’ असं लगेच मनात येतं. पण बाकीकडे बघ. कितीही फेरे घेतले तरी बारातला एकही कमी झालेला नाही. काम संपायला फार वेळ लागतोय असं नाही, ते सुरूच झालेलं नाही.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते, नवी संख्या का काढत नाहीत. काढू या की! १ ÷ ० हिला नाव देऊ ‘ट’. भागाकाराच्या अर्थानुसार ट × ० = १. शून्य अधिक शून्य म्हणजे शून्यच, तेव्हा ट × (० + ०) सुद्धा १. पण कंस सोडवला तर ट × ० + ट × ०, म्हणजे १ + १, म्हणजे २. तोच गुणाकार एकदा १ आला, एकदा २. म्हणजे १ = २. दोन्ही बाजूंतून १ वजा कर : ० = १. आता दोन्ही बाजूंना ३७ ने गुण : ० = ३७. याच रीतीने प्रत्येक संख्या शून्याएवढी ठरते. वहीतल्या सगळ्या संख्या कोसळून एकीत जमा होतात.

गंमत म्हणजे ते जग चुकीचं नाही. ज्यात शून्य ही एकच संख्या आहे अशी संख्यापद्धती गणितात खरोखर आहे, आणि तिच्यात शून्याने खुशाल भागता येतं. ० ÷ ० = ०, प्रश्न मिटला. फक्त तिथे मोजायला काही उरत नाही.

मग ऋण संख्येच्या वर्गमुळाला परवानगी कशी मिळाली? तीही सुखासुखी मिळाली नाही. इटलीत कार्दानोच्या १५४५ च्या ग्रंथात अशी वर्गमुळं आली, पण त्यालाच ती निरुपयोगी वाटली. मग १५७२ मध्ये बॉम्बेल्लीने क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण घेतलं. याचं एक उत्तर ४ आहे, ताळा कर : ६४ = ६० + ४. पण घनसमीकरणाच्या सूत्राने जायचं म्हटलं की वाटेत √−१२१ लागतं. बॉम्बेल्लीने न घाबरता त्याच्याशी नेहमीचे बेरीज-गुणाकार केले, आणि शेवटी ते काल्पनिक भाग एकमेकांत कटून साधे सरळ ४ हाती आले. बेरीज, गुणाकार, कंस सोडवणं, एकही नियम मोडावा लागला नाही. गेलं काय? लहान-मोठेपणा. √−१ धन म्हणावी तर तिचा वर्ग धन यायला हवा, ऋण म्हणावी तरी वर्ग धनच यायला हवा, आणि येतो तर −१. म्हणून तिला संख्यारेषेवर शून्याच्या ना उजवीकडे जागा, ना डावीकडे. एवढी किंमत मोजून कितीतरी नवं गणित पदरात पडलं.

‘ट’च्या वेळी मात्र कंस सोडवण्याचा नियमच हातचा जातो. तो गेला की बीजगणितात काय शिल्लक राहतं ते तूच सांग. तरीही किंमत मोजणारे निघालेच. स्वीडनच्या येस्पर कार्लस्ट्रॉम यांनी २००४ मध्ये ‘व्हील’ नावाची एक रचना नीट मांडून दाखवली. तिच्यात कशालाही कशानेही भागता येतं, शून्यालाही शून्याने. बदल्यात तिथे ० × क्ष दर वेळी शून्य होत नाही आणि क्ष − क्ष सुद्धा दर वेळी शून्य होत नाही. रचना निर्दोष आहे, पण हिशोब करायला तिच्याकडे कुणी जात नाही.

तेव्हा सरांना सांग, मनाई कुणाचीच नाही. ज्याला भागायचं त्याने भागावं, फक्त काय गमावलं याची यादी सोबत जोडावी.

प्रश्न : आमच्या वेळी शाळेत १ ÷ ० = अनंत असं स्पष्ट शिकवलं जाई. भास्कराचार्यांनीही तेच सांगितलं आहे. नातवाच्या पुस्तकात मात्र ‘अव्याख्यात’. आपल्याकडे बाराव्या शतकात मिळालेलं उत्तर आता हरवलं म्हणायचं का?

हरवलेलं नाही, पण ते तुम्ही म्हणता तितकं सरळही नव्हतं. आपल्याकडे या प्रश्नावर एकमत कधीच नव्हतं, आणि मला ते मतभेदच जास्त मोलाचे वाटतात.

शून्याला इतर संख्यांच्या पंगतीला बसवून त्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहिले ब्रह्मगुप्ताने, इ.स. ६२८ मध्ये, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त. ते नियम आजही जसेच्या तसे चालतात, अपवाद भागाकाराचा. शून्याला शून्याने भागलं तर शून्य, असं तो सांगतो. इतर संख्येला शून्याने भागलं तर तो उत्तर देत नाही, शून्य छेद असलेला अपूर्णांक तसाच लिहून ठेवतो. दुसऱ्या भागातला त्याचा संयम मला आवडतो, पहिल्या भागात त्याने घाई केली.

नवव्या शतकात महावीराचार्य ‘गणितसारसंग्रहा’त म्हणतात की संख्येला शून्याने भागलं तर ती अविकारी राहते, तिच्यात काही बदल होत नाही. हे मत लोक हसण्यावारी नेतात. वर सांगितलेल्या यंत्राची खालची पट्टी आठवा : बारा जसेच्या तसे. शून्य वजा करत गेलं की संख्या बदलत नाही हे निरीक्षण खरंच आहे. फक्त ती बाकी झाली, भागाकार नव्हे. त्यांच्या मनात हेच होतं का, ते सांगायला ते नाहीत, पण मला तरी ते असं उलगडतं.

भास्कराचार्यांनी, ११५० च्या सुमारास, शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तिच्यात काहीही मिळवा, तिच्यातून काहीही काढा, ती बदलत नाही. प्रलयात सगळी भूतं अच्युतात शिरतात आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी त्या अनंताला काही फरक पडत नाही, तसं. उपमा सुंदरच आहे, आणि बेरीज-वजाबाकीपुरती बरोबरही. अडतं ते गुणाकाराशी. १ ÷ ० अनंत आणि २ ÷ ० सुद्धा अनंत, मग अनंताला पुन्हा शून्याने गुणलं की १ यायचा की २? भागाकाराचा ताळाच घेता येत नाही.

हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल असं समजू नका. ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, आलं त्यात त्याचंच अर्ध मिळवलं, त्याची तिप्पट केली, मग शून्याने भागलं, तर ६३ आले. ती संख्या कोणती? पहिल्याच पायरीला शून्य लिहून मोकळं झालं तर संख्या कायमची गेली, पुढे करायला काही उरत नाही. आचार्य म्हणतात, पुढे क्रिया बाकी असतील तर शून्याचा गुणक तसाच मनात धरून ठेवा, आणि नंतर शून्यच भाजक म्हणून आला तर संख्या मूळ रूपात आहे असं समजा. मग संख्येची दीडपट, तिची तिप्पट, म्हणजे साडेचारपट बरोबर ६३, आणि उत्तर १४. शून्याला लगेच ‘वापरून’ न टाकता ते राखून ठेवण्याची ही युक्ती फार विलक्षण आहे. यावरून कलनशास्त्र (कॅल्क्युलस) तेव्हाच आपल्याकडे पूर्ण होतं अशी आरोळी मात्र मला पटत नाही. गुणणारं शून्य आणि भागणारं शून्य एकाच वेगाने शून्याकडे गेलं तरच ते असं कटतं, आणि वेगाचा विचार त्या नियमात नाही.

आता तुमच्या शाळेकडे येते. १ ला ०.१ ने भागा, १० येतात. ०.०१ ने भागा, १००. ०.००१ ने, १०००. छेद शून्याकडे सरकतो तसा भागाकार वाढत जातो, म्हणून ‘शून्यावर अनंत’ असं तुमच्या गुरुजींनी सांगितलं. पण शून्याकडे दुसऱ्या बाजूनेही येता येतं. −०.१ ने भागलं की −१०, −०.००१ ने भागलं की −१०००. एका बाजूने आलात तर आकाश, दुसऱ्या बाजूने आलात तर पाताळ. टॅन्जंटची किंमत काढलीत तर हे स्वच्छ दिसतं : ८९.९ अंशाला सुमारे ५७३ आणि ९०.१ अंशाला उणे ५७३. नेमक्या ९० ला काय लिहायचं? जे काही लिहाल त्याने एक बाजू नाराज होणार.

यावरही तोड आहे. धन अनंत आणि ऋण अनंत ही दोन टोकं वाकवून एकाच बिंदूत जोडायची, म्हणजे रेषेचं वर्तुळ होतं. संमिश्र संख्यांच्या, म्हणजे √−१ सामावून घेणाऱ्या संख्यांच्या, प्रतलाबाबत हेच केलं की गोल होतो, त्याला रीमानचा गोल म्हणतात. तिथे १ ÷ ० = ∞ असं अधिकृतपणे छापलेलं असतं आणि कुणी आक्षेप घेत नाही. म्हणजे तुमच्या गुरुजींचं उत्तर तिथे पूर्ण गुणांचं. पण ० ÷ ०, ∞ − ∞ आणि ० × ∞ या जागा तिथेही रिकाम्याच ठेवाव्या लागतात. दुष्काळावर इलाज झाला, महापुरावर नाही.

प्रश्न : मी प्रोग्रॅमिंग शिकतो. कॅल्क्युलेटर शून्याने भागलं की ‘एरर’ म्हणतो, पायथन प्रोग्रॅम थांबवतो आणि जावास्क्रिप्ट शांतपणे ‘इन्फिनिटी’ छापते. नक्की बरोबर कोण?

तिघंही, आपापल्या कामापुरते. यंत्राला ‘अव्याख्यात’ म्हणून हात वर करता येत नाहीत, त्याला पुढे काय करायचं ते कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. दशांश संख्यांसाठी हे ठरलं १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या मानकात. लांबलचक आकडेमोडीत एका ठिकाणी शून्य आलं म्हणून सगळं बंद पडू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे १ ÷ ० ला ‘अनंत’ आणि ० ÷ ० ला ‘नॅन’, म्हणजे ही संख्याच नव्हे, अशी खूण ठरली. दुष्काळाला एक खूण, महापुराला दुसरी, हे लक्षात घ्या. शून्यंही दोन, धन आणि ऋण. −० ने भागलंत तर −अनंत मिळतं, म्हणजे कुठल्या बाजूने शून्याकडे आलात याची आठवण ठेवलेली असते. नॅन तर स्वतःशीसुद्धा समान नसतो. ‘नॅन बरोबर नॅन आहे का’ असं विचारलंत तर यंत्र नाही म्हणतं. पहिल्यांदा पाहिलं की खोडी वाटते, पण ० ÷ ० आणि दुसरं एखादं ० ÷ ० एकच आहेत असं समजायला काय आधार होता?

पूर्णांकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या साठवणीत ‘अनंत’ची खूण ठेवायला जागाच नसते, म्हणून तिथे प्रोसेसर सहसा ओरडतो. पायथनने दशांश संख्यांसाठीही ओरडायचंच ठरवलं. मला विचाराल तर नवशिक्याला तेच बरं.

ओरड ऐकून काय करायचं हे ठरवलेलं नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकी नौदलाच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेचं. सप्टेंबर १९९७ मध्ये तिच्यावरच्या एका कर्मचाऱ्याने माहितीच्या एका रकान्यात शून्य भरलं. संगणकाने त्या शून्याने भागायला घेतलं, प्रणाली कोलमडली आणि जहाजाला पुढे ढकलणारी यंत्रणाच बंद पडली. जवळजवळ पावणेतीन तास जहाज पाण्यात जागच्या जागी. शून्य टाइप करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, रकान्याने ते स्वीकारायलाच नको होतं.

एक चौथा पक्षही आहे, तो ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. लीनसारख्या, गणिताच्या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालींमध्ये १ ÷ ० = ० असं सरळ ठरवलेलं आहे! चालतं ते. कारण तिथे हे उत्तर गुणाकाराचा ताळा देईल असा दावाच नसतो. ‘भागून पुन्हा गुणलं की मूळ संख्या मिळते’ हे प्रमेय तिथे वापरायचं तर भाजक शून्य नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. म्हणजे तपासणी टळली नाही, फक्त पुढच्या दारावर गेली.

प्रश्न : माझ्या मित्राने मला हे सोडवायला दिलं : (क्ष + ३)/(क्ष − १) − २ = (५ − क्ष)/(क्ष + ४). डावी बाजू एकत्र केली की (५ − क्ष)/(क्ष − १) होते. दोन्हीकडे अंश सारखे, म्हणून छेदही सारखे : क्ष − १ = क्ष + ४. म्हणजे −१ = ४! दोन्ही छेद शून्य नाहीत हेसुद्धा मी तपासलं. कुठे चुकलं?

छेद तपासलेत, शाबास. पण ‘अंश सारखे म्हणून छेद सारखे’ म्हणताना तुम्ही दोन्ही बाजूंना (५ − क्ष) ने भागलंत. तो शून्य नाही, हे कुणी सांगितलं? तो शून्यच आहे. क्ष = ५ ठेवून बघा : डावीकडे ८/४ − २ = ०, उजवीकडे ०/९ = ०. समीकरणाचं एकमेव उत्तर ५ आहे आणि तुम्ही नेमकं त्यानेच भागून ते उडवून लावलंत. उत्तर हाती होतं ते गेलं, आणि बदल्यात −१ = ४ मिळालं.

इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, पण शून्य लिहून शून्याने भागणारा विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही. तेवढं सगळ्यांना पाठ असतं. भागतात ते क्ष लिहून. क्ष² = ५क्ष दिलं की निम्म्या वर्गाची पेन्सिल दोन्हीकडच्या एकेका क्ष वर तिरकी रेघ मारते आणि खाली दिमाखात येतं क्ष = ५. दोन उत्तरं होती, ० आणि ५, त्यातलं ० त्या रेघेखाली गाडलं गेलं. असं झालं की मी त्या रेघेभोवती लाल गोल करते आणि बाजूला एवढंच लिहिते : ‘हा शून्य असेल तर?’ गुणही तिथेच कापते, उत्तरापाशी नाही.

रेघ मारायची सवय मोडायची असेल तर सगळं एका बाजूला आणा. क्ष² − ५क्ष = ०, म्हणून क्ष(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = ५. एक ओळ जास्त लागते. तुमच्या समीकरणातही तसंच करा : (५ − क्ष) सामाईक काढा, कंसात उरेल १/(क्ष − १) − १/(क्ष + ४). ही वजाबाकी कधीच शून्य होत नाही, कारण दोन्ही छेदांत कायम पाचाचं अंतर आहे. उरला पहिला अवयव, आणि उत्तर मिळालं. मित्राला सांगा, कोडं चांगलं आहे.

प्रश्न : कलनात शून्याने भागतातच की! वेग काढताना वेळेतला फरक आधी भाजक म्हणून वापरतात आणि शेवटी तो शून्य धरून टाकून देतात. ही फसवाफसवी नाही का?

अगदी हाच आरोप जॉर्ज बर्कली या बिशपने १७३४ मध्ये न्यूटनच्या पद्धतीवर केला होता. या लुप्त होणाऱ्या राशींना त्याने ‘गेलेल्या राशींची भुतं’ म्हटलं. तुमची संगत चांगली आहे.

समजा त सेकंदांत कापलेलं अंतर त² आहे. आणखी ह सेकंद गेले की अंतरात पडणारा फरक २तह + ह². त्याला ह ने भागा : २त + ह. इथे भागताना ह शून्य नव्हता. मग शेवटचा ह पुसून वेग २त म्हणायचं, तेव्हा तो शून्य झाला. बर्कली म्हणाला, काय ते एक ठरवा. त्याचं म्हणणं बिनतोड होतं, आणि नीट उत्तर मिळायला जवळपास शतक लागलं. १८२१ च्या आपल्या पुस्तकात कोशीने ‘सीमा’ (लिमिट) या कल्पनेवर सगळी मांडणी केली, पुढे वायरश्ट्रासने ती पक्की केली. त्या मांडणीत ह कधीच शून्य होत नाही. विचारायचं इतकंच की ह हवा तितका लहान घेतला तर २त + ह ही किंमत कशाच्या हवी तितकी जवळ जाते. २त च्या. संपलं. शून्याने भागणं दूरच, शून्य कुठे ठेवलेलंही नाही.

आणि वर म्हटलेला महापूर इथे कामाला येतो. ० ÷ ० ला एक ठरलेलं उत्तर नाही, म्हणूनच त्या वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात. (क्ष² − ४)/(क्ष − २) मध्ये क्ष दोनाकडे नेला तर ४ मिळतात, (क्ष² − ९)/(क्ष − ३) मध्ये तो तिनाकडे नेला तर ६. दोन्हीकडे थेट किंमत ठेवली तर ० ÷ ० च दिसतं. ब्रह्मगुप्ताप्रमाणे ते कायमचं शून्य ठरवून टाकलं असतं, तर दर ठिकाणी वेग शून्यच आला असता.

प्रश्न : मी चौथीत आहे. ० ÷ ५ किती? आई म्हणते शून्य, बाबा म्हणतात असं भागता येत नाही.

आईचं बरोबर. ० × ५ = ०, ताळा जमला, आणि दुसरं कुठलंच उत्तर जमत नाही. शून्य वर असलं तर काही बिघडत नाही, खाली असलं तर बघायचं. बाबांना वरची पाच पत्रं वाचायला दे.